इंग्लिश मिक्स, साइड बी

परभणी, सेलू आणि लातूरहून जमलेल्या 41 कॅसेटी आम्ही दोघांनी मार्चमध्ये हातात घेतल्या. रोहिण्या लागेपर्यंत त्यातल्या 38 संगणकावर उतरवून झाल्या. 13 कॅसेटी कंपनीच्या, छापील. बाकी सगळ्या ‘भरून घेतलेल्या’, म्हणजे दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची अन् दोन-चार दिवसांनी जाऊन आणायची, त्या. कार्डावर निळ्या बॉलपेनाने ‘डिस्को हिट्स’, ‘इंग्लिश मिक्स’, ‘नाझिया + बोनीयम’ अशी नावं. नाझिया म्हणजे पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसन, आणि बोनीयम म्हणजे बोनी एम हा परदेशी डिस्को गट, हे त्या वयाच्या वाचकाला सांगायला नको.

यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं आज फोनवर स्वच्छ मिळतं. कॅसेटवरचा क्रम मात्र कुठेच मिळत नाही. नाझिया हसनपाठोपाठ बप्पी लाहिरी, मधेच एक कोळीगीत, आणि शेवटी अर्ध्यावर तुटलेलं गाणं. सी-60 ची एक बाजू 30 मिनिटांची, डिस्कोचं गाणं पाच-सहा मिनिटांचं; पाच बसली की सहावं तुटणारच. ज्यांनी ती कॅसेट झिजवली त्यांना ते गाणं नेमकं तिथेच तुटायला हवं असतं. म्हणून एकच नियम पाळला: एक बाजू म्हणजे एक फाइल. मधली मोकळी जागा, बटणाचा ‘खट्’, सगळं जसंच्या तसं. गाणी सुटी करायची ती नंतर, प्रतीवर.

पहिले दोन दिवस एकही कॅसेट वाजवली नाही, फक्त पाहिल्या. इकडे कॅसेटीला बुरशीपेक्षा धुरळ्याचं भय जास्त. हवा कोरडी, त्यामुळे रिळाच्या, म्हणजे आतल्या फितीच्या, कडेवर पांढरी बुरशी असलेल्या दोनच निघाल्या. पण माळवदाच्या घरात कोनाड्यात ठेवलेल्या कॅसेटींवर वर्षानुवर्षं माती गळत राहते. ती कॅसेटच्या खिडक्यांतून आत शिरून रिळाच्या कडांवर बसते आणि वाजवताना हेडवर, म्हणजे मशीनच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, पॉलिश पेपरसारखी चालते. मऊ कोरडा ब्रश आणि हाताने दाबायचा रबरी फुगा एवढंच वापरायचं. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकी जाते. दुसरं भय पत्र्याचं. बाहेर 42-43 अंश असतात तेव्हा पत्र्याखालच्या ट्रंकेत त्याहून जास्तच. त्या उष्णतेने तीन गोष्टी बिघडतात: रिळामागच्या स्पंजगादीचा गोंद सुटतो, रिळाच्या दोन्ही बाजूंचे घसरते कागद वाकडे होतात आणि कधीकधी डबाच पिळवटतो. काचेवर ठेवून हलवली की पिळवटलेली कॅसेट लगेच कळते, डुगडुगते.

ज्यांचं काही बिघडलं नव्हतं त्याही थेट वाजवल्या नाहीत. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. तीस-पस्तीस वर्षं एकाच जागी पडलेल्या रिळाचे वेढे वर-खाली सरकलेले असतात. त्यांचा ताण या फेरीत सारखा होतो. कॅसेट तळहातावर आपटण्याची जुनी सवय याच कारणाने उपयोगी पडायची, वेढे एका पातळीत येतात. जे रीळ मशीनवर जड फिरतं ते आम्ही सहाकोनी पेन्सिलने हाताने फिरवलं. हाताला अडखळ कळते. मशीनला कळत नाही, ते ओढून तोडतं.

आता डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं मशीन. यूएसबीवाले नवे स्वस्त कॅसेट प्लेअर या कामाला घेऊ नयेत. त्यांचं फ्लायव्हील, म्हणजे गती स्थिर ठेवणारं चाक, हलकं, त्यामुळे लांब सूर थरथरतो, आणि हेडचा कोन बदलायला बहुधा सोयीची जागा नसते. संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मिळालेला एक जुना स्टीरिओ डेक आम्ही उघडला. आतला बेल्ट वितळून डांबर झाला होता. हे डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून 99 टक्क्यांचं मिळतं. हातावरचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. बेल्टच उरला नसेल तर सगळ्या पुल्यांवरून दोरा फिरवायचा, तो मोजायचा आणि 5 ते 8 टक्के कमी घेराचा बेल्ट घ्यायचा. आमचा दोरा 240 मिमी भरला, बेल्ट 225 चा बसला. फार ताणलेला बेल्ट मोटरचं बेअरिंग खातो, ढिला गती कमी करतो. नोटांच्या बंडलाचं रबर लावून मशीन फिरतं खरं, पण ते एकसारखं ताणत नाही आणि सूर लहरत राहतो. त्याने भजन ऐका, कॅसेट उतरवू नका.

हेड आणि रीळ पुढे सरकवणारी कॅपस्टनची दांडी आयपीएने पुसली, कापसाची काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. त्या दांडीवर रीळ दाबून धरणाऱ्या रबरी रोलरला मात्र आयपीए जपून. वारंवार लावलं की रबर कडक होतं, तिथे साबणाचं किंचित पाणी आणि लगेच कोरडं फडकं. रोलर चकचकीत झालेला असेल तर बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवून चकाकी काढायची. एवढं करूनही आमच्या डेकने पहिली चाचणी कॅसेट गुंडाळून खाल्लीच. कारण ओढणाऱ्या चाकाची पकड. कॅपस्टन रीळ पुढे ढकलतो, पण गुंडाळणारं चाक ते वेळेत ओढून घेत नसेल तर रीळ साचतं आणि रोलरला चिकटून आत जातं. हे बहुतेक वेळा बाजू संपत आल्यावर होतं, कारण तेव्हा गुंडाळलेल्या बाजूचा घेर मोठा होतो आणि तेवढ्याच जोरात ओढ कमी पडते. म्हणून डेक तपासायचा तर कॅसेटची शेवटची पाच मिनिटं वाजवून तपासावा. सुरुवातीला सगळेच डेक शहाणे असतात.

उघडाव्या लागलेल्या कॅसेटी नऊ. पाच स्क्रूच्या डब्याचं काम सोपं. पण स्वस्त छापील कॅसेटींचे डबे कारखान्यातच जोडून बंद केलेले असतात, स्क्रू नसतो. कटरचं पातं सांध्यावर ठेवून कडेकडेने हलकं दाबत गेलं की सांधा ‘कट्’ करून सुटतो. खिडकीच्या बाजूने सुरुवात करू नये, पातं रिळावर उतरतं. मग रीळ चाकांसकट उचलून दुसऱ्या स्क्रूवाल्या डब्यात. त्यासाठी पाच-सहा कोऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटी हाताशी हव्यात. त्यांची स्पंजगादी, कागद, छोटे रोलर सगळं कामाला येतं. स्पंजगादी नसेल तर आवाज येतो पण बसका, आणि ये-जा करतो, कारण रीळ हेडला घट्ट टेकत नाही. पत्र्याची पट्टी आणि गादी एकत्रच बदलावी. सुटलेली गादी फेविक्विकने चिकटवली तर गोंद स्पंजात शिरून ती दगडासारखी होते, आणि तो दगड मग रिळावर घासतो.

तुटलेलं रीळ जोडायला स्प्लायसिंग टेप लागते. सेलोटेप नको, तिचा गोंद उन्हाळ्यात कडांतून पाझरतो आणि वरच्या वेढ्याला चिकटतो. तीन कॅसेटींत पूर्वी कुणीतरी सेलोटेप लावलेली होती, तिन्ही त्याच जागी पुन्हा तुटलेल्या. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून 45 अंशात एकदम कापायची, समोरासमोर आणायची आणि मागच्या बाजूने दीड सेंटिमीटर टेप. कॅसेटमध्ये बाहेर तोंड करून असते ती रेकॉर्डिंगची बाजू, आत तोंड असते ती मागची. रीळ 3.81 मिमी रुंद, टेप त्याहून जराही बाहेर डोकावता कामा नये. चुरगळलेला तुकडा कापून टाकू नये, सेकंदाला 4.76 सेंटिमीटर जातात, म्हणजे वीतभर कापलं तर चार-पाच सेकंदांचं गाणं गेलं. नखाने सपाट करून वाजू द्यावा. आवाज तिथे क्षणभर बुडतो, बुडू द्या.

सगळ्यात जास्त वेळ लागला हेडच्या कोनाला, आणि सगळ्यात जास्त फळही तिथेच. हेडमधली बारीक फट रिळाला बरोबर काटकोनात हवी. ती किंचित तिरपी झाली की झांज, टाळ्या, ‘स’ आणि ‘श’ मरतात आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. लोकांना वाटतं कॅसेट ‘उतरली’, म्हणजे जुनी होऊन तिचा आवाज गेला. बहुतेक वेळा ती उतरलेली नसते. दुकानदाराच्या मशीनचा कोन वेगळा होता आणि आपल्या मशीनचा वेगळा, एवढंच. दुकानाने मधे मशीन बदललं असेल तर एकाच कॅसेटच्या दोन बाजूंचाही कोन वेगळा निघतो. प्ले दाबल्यावर हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू दिसतो, तोच फिरवायचा. दुसऱ्या बाजूचा घट्ट स्क्रू सोडून द्यायचा. मूळ जागा आधी नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवावी. स्क्रूड्रायव्हर चुंबकाचा नसावा.

पद्धत अशी. हेडफोन लावायचे, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐकायचं. मोनोत चूक ठळक कळते, कारण डावं-उजवं मागेपुढे असेल तर बारीक आवाज एकमेकांना खातात. हाय-हॅट (ड्रमसेटची जोडझांज) असलेली जागा शोधायची आणि स्क्रू एकाष्टमांश फेऱ्याने इकडे-तिकडे. एका जागी झांज एकदम उघडते. ती जागा ओलांडून पुढे जायचं, पुन्हा मळकट झालं की परत यायचं. ओलांडल्याशिवाय शिखर कळत नाही. मग संगणकावर लाटा मोठ्या करून डाव्या-उजव्या लाटेची टोकं एका रेषेत आहेत का, हे पाहायचं. एका बाजूला सरासरी दहा मिनिटं लागली. हे टाळून नंतर संगणकावर ट्रेबल वाढवणारे असतात. त्याने गेलेली झांज परत येत नाही, फक्त खरखर वाढते.

डेकवर टेपचा प्रकार निवडायचं बटण असेल तर भरून घेतलेल्या बहुतेक कॅसेटींना साधं, म्हणजे ‘नॉर्मल’. क्रोमची, म्हणजे वेगळ्या लेपाच्या फितीची, कॅसेट वरच्या कडेच्या जादा खाचांवरून ओळखू येते. डॉल्बी, म्हणजे डेकमधली खरखर कमी करणारी सोय, फक्त कार्डावर खूण असेल तरच.

जोडणी: डेकच्या लाइन-आउटमधून दोन आरसीए तारा, त्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज डिजिटल करणारी डबी), तिथून लॅपटॉप. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घालू नये. ते बहुधा मोनो असतं आणि जोरदार सिग्नलने फाटतं. जुन्या टू-इन-वनला पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यात 3 आणि 5 नंबरच्या पिनांवर वाजणारा आवाज मिळतो, 2 नंबर अर्थ. विंडोजमधले सगळे ‘एन्हान्समेंट’ आणि आपोआप आवाज वाढवणारी सोय बंद, फोन विमान मोडवर.

विजेचं प्रकरण मात्र खास इकडचं. लॅपटॉप चार्जरवर असताना 50 हर्ट्झची घूं येत होती; चार्जर काढला, गेली. दुपारी लाइट गेल्यावर डेक इन्व्हर्टरवर चालवून पाहिला. साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर घूं नाही, भुंग्यासारखी गुणगुण येते, आणि ती रेकॉर्डिंगमधून नीट काढता येत नाही. कूलरचं तर दुहेरी दुखणं: पंप चालू-बंद होताना रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ बसतं, शिवाय त्याची ओली हवा रिळावर. शेवटी पहाटे साडेचार ते नऊ ही वेळ ठरली. कूलर बंद, व्होल्टेज स्थिर, अन् गल्लीही झोपलेली. (गल्लीचा आवाज तारेतून येत नाही हे आम्हाला कळतं. पण झांज ऐकायला शांतता लागतेच.)

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. तासाला साधारण 1 जीबी. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या गाण्यावर लावायची, टोक उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये. भरून घेतलेल्या कॅसेटीत पातळी फार उड्या मारते, कारण एक गाणं एलपीवरून, दुसरं दुसऱ्या कॅसेटवरून आलेलं. शंका असेल तर उणे 12 वर ठेवा. 24 बिटमध्ये काही बिघडत नाही, फाटलेलं मात्र शिवता येत नाही. एकदा लावलेली पातळी बाजू संपेपर्यंत हलवायची नाही.

मग गती. आधी आपला डेक बरोबर हवा. 3150 हर्ट्झची टेस्ट कॅसेट लावून मोटरच्या मागच्या भोकातला छोटा स्क्रू फिरवत आम्ही 15 हर्ट्झच्या फरकात आणला. त्यानंतर जे वेगळं वाजेल ते कॅसेटचं. ‘नाझिया + बोनीयम’ची पहिली बाजू कानालाच चढी वाटत होती. अधिकृत डिजिटल प्रतीत दोन ठरावीक ठेक्यांमधलं अंतर 200 सेकंद, आमच्याकडे 194.2. म्हणजे 3 टक्के जलद. सहा टक्क्यांना साधारण अर्धा स्वर चढतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. तीन टक्के म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध, तिथे कुठलीच पेटी जुळत नाही. दुरुस्तीला ऑडॅसिटीतलं ‘चेंज स्पीड अँड पिच’ (आधीचं नाव ‘चेंज स्पीड’), गुणक 0.971. नुसतं ‘चेंज टेम्पो’ किंवा नुसतं ‘चेंज पिच’ नव्हे. कॅसेटमध्ये लय आणि सूर एकत्रच चढतात, एकत्रच उतरवायला हवेत.

पण एका गाण्यावरून निकाल देऊ नये. बाजूवरची तीन तरी गाणी मोजावीत. तिन्ही 3 टक्के जलद निघाली तर दुकानाचं रेकॉर्डिंग मशीन हळू चालत होतं, पूर्ण बाजू दुरुस्त करा. एकच जलद असेल तर ते गाणं ज्यावरून घेतलं ते मशीन तसं होतं. ते तसंच राहू द्यावं, तो त्या दुकानाचा इतिहास आहे. दुसरी खूण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत सापडते: दुकानाच्या अ‍ॅम्प्लिफायरची घूं कॅसेटवर उतरलेली असते. स्पेक्ट्रममध्ये (आवाजाच्या कंपनसंख्यांच्या आलेखात) ती 50 ऐवजी 51.5 हर्ट्झला दिसली तर कॅसेट साधारण 3 टक्के जलद वाजते आहे. मात्र त्या काळी विजेची ग्रिड 50 वर स्थिर नसायची, म्हणून ही साक्ष जोडीला घ्यायची, एकटी नाही. आणि आपल्याच डेकची घूं आपण मोजत नाही ना, हे कॅसेट थांबवून पाहायचं. थांबवल्यावरही राहिली तर ती आपली.

गाणी ओळखताना फोनवरच्या अ‍ॅपने दोनदा फसवलं. गुलशन कुमार यांची टी-सीरीज 1983 मध्ये उभी राहिली आणि पुढे जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या दुसऱ्या गायकांच्या आवाजातल्या कॅसेटी स्वस्तात बाजारात आल्या. दुकानदार भरताना हाताला येईल ते घ्यायचा. त्यामुळे चाल तीच, वाद्यमेळ जवळपास तोच, गळा भलता. अशा गाण्यावर गतीची मोजणी केली तर आकडा खोटाच येतो. कॅसेट कधी भरली हे ठरवायला साधा हिशोब पुरतो: तिच्यावरचं सर्वात उशिरा निघालेलं गाणं शोधायचं. ‘कुर्बानी’ चित्रपट 1980 चा, नाझियाचा अल्बम ‘डिस्को दीवाने’ 1981 चा, ‘यंग तरंग’ 1984 चा. एखाद्या कॅसेटवर तिन्ही असतील तर ती 1984 च्या आधीची नाही, कार्डावर काहीही लिहिलेलं असो.

आवाज ‘साफ’ करायचा मोह होतो. मूळ फाइलवर आम्ही काहीच केलं नाही. ऐकायच्या प्रतीवर खरखर फार तर 6 डेसिबलने कमी. त्याहून पुढे गेलं की गायिका हौदात उभी राहून गाते. गाणं सुरू व्हायच्या दीड ते तीन सेकंद आधी तेच गाणं बारीक ऐकू येतं, तो दोष संगणकाचा नाही. शेजारच्या वेढ्यावर उमटलेली छाप असते ती, उन्हात ठेवलेल्या कॅसेटीत जास्त.

फाइलींना आकडी नावं दिली: 07-1, 07-2. बाकी सगळं, दुकानाचा शिक्का, हस्ताक्षरातली यादी, कोन कुठे होता, गती किती दुरुस्त केली, ते एका वहीत आणि एका तक्त्यात. कार्डाच्या दोन्ही बाजू 600 डीपीआयवर स्कॅन. शिक्क्यांवर अजून ‘औरंगाबाद’ आणि पाच आकडी फोन नंबर आहेत. साठवणीला फ्लॅक (आवाज न गमावता लहान होणारी फाइल), दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत बाहेरगावी. घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून. सगळ्या जगासाठी यूट्यूबवर टाकायचं म्हणाल तर नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, 1981 चं गाणं 2041 संपेपर्यंत कुणाचं तरी आहे.

हिशोब सांगायचा तर एका सी-60 ला, ती निरोगी असेल तरी, अडीच तास. उघडावी लागली तर चार.

उतरवून झालेल्या कॅसेटी मागे न फिरवता, वाजून संपलेल्या स्थितीतच डब्यांत उभ्या ठेवल्या. वाजताना रीळ सावकाश आणि एकसारखं गुंडाळलं जातं. मागच्या दोन पाकळ्या मोडून टाकल्या, म्हणजे चुकूनही कुणी वरून भरू नये. ट्रंक पत्र्याखालून काढून मधल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर. राहिल्या तीन. दोन बुरशीच्या, त्या वेगळ्या पिशवीत आहेत आणि त्यांना चांगला डेक दाखवायचा नाही. त्यांच्यासाठी एक टाकाऊ मशीन मिळालं की मास्क लावून आधी रीळ फडक्यातून फिरवून घ्यायचं आहे. तिसरीच्या कार्डावर ‘इंग्लिश मिक्स, साइड बी: फक्त फास्ट’ असं लिहिलंय, आणि डबीत कुणाच्या तरी लग्नाच्या मंगलाष्टकांची कॅसेट निघाली.